रणांगणावरचा साक्षीदार

सह्याद्रीच्या कुशीतील सिद्धगडाच्या रानात 2 जानेवारी 1943 च्या पहाटे बंदुकांचे आवाज घुमले. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे तरुण सहकारी हिराजी पाटील हे स्वातंत्र्यवीर त्या पहाटे पोलिसांच्या गोळीबारात धारातीर्थी पडले. कर्जत तालुक्यातील नेरळ, पोशीर, कळंब या वाटेवरच्या गावांतून ही हकिकत आजही सांगितली जाते. ती आजोबांच्या तोंडून नातवंडांच्या कानी गेली, म्हणून जिवंत राहिली. त्या प्रसंगाचे चलच्चित्र मात्र कोणी टिपले नाही. त्या रानात झाडे होती, डोंगर होता, कॅमेरा नव्हता.

त्यानंतर काही आठवड्यांतच, हजारो मैल दूर, बर्फाने झाकलेल्या रशियात एक वेगळाच प्रसंग घडत होता. व्होल्गा नदीकाठच्या स्टालिनग्राड शहरात शरण आलेला जर्मन सेनापती पाउलस एका लहानशा खोलीत रशियन सेनानींसमोर बसला होता. सारे जग ज्या सैन्याला अजिंक्य समजत होते, त्याचा हा सेनापती आता कैदी झाला होता. खोलीत प्रकाश बेताचाच होता. तेथे एक मनुष्य बंदूक न घेता, कॅमेरा घेऊन उभा होता. त्या दिवशी त्याने टिपलेले पाउलसचे छायाचित्र पुढे जगभर गेले. त्या मनुष्याचे नाव रोमान कार्मेन.

रोमानचा जन्म 1906 साली काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा या बंदरात झाला. हे शहर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. रोमानचे वडील लाझार कार्मेन हे लेखक होते. बंदरावर ओझी वाहणारे हमाल, खलाशी, आसरा नसलेली मुले यांच्या कथा ते लिहीत. ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही, त्यांच्याकडे पाहावे आणि जे पाहिले ते लोकांना सांगावे, हा वारसा रोमानला घरातूनच मिळाला. परंतु पित्याचे छत्र त्याला फार दिवस लाभले नाही. यादवी युद्धाच्या काळात वडिलांना तुरुंगवास घडला, क्षयाने त्यांना गाठले आणि 1920 साली ते निवर्तले. तेव्हा रोमान अवघा तेरा वर्षांचा होता.

पुढे मायलेक मॉस्कोला आले. वडिलांच्या हाती लेखणी होती. मुलाने कॅमेरा हाती घेतला. 1923 साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास, रोमानची छायाचित्रे ‘ओगोन्योक’ या साप्ताहिकात छापून येऊ लागली. पुढच्याच वर्षी, 1924 च्या जानेवारीत, लेनिनची अंत्ययात्रा निघाली. हाडे गोठविणाऱ्या थंडीत लाखो लोक रस्त्यांवर उभे होते. त्या गर्दीत हा कोवळा तरुणही आपला कॅमेरा सावरीत चित्रे घेत होता.

स्थिर चित्रावर मात्र त्याचे समाधान होईना. धावणारी, हसणारी, कष्टणारी माणसे जशीच्या तशी पडद्यावर आणावीत, या ओढीने त्याने मॉस्कोच्या चित्रपट विद्यालयात प्रवेश घेतला आणि 1932 साली तेथील शिक्षण पुरे केले. चित्रपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नटनट्या, गाणी आणि रंगविलेले पडदे येतात. परंतु चित्रपटाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात नट नसतो, रचलेली कथा नसते. खरी माणसे, खऱ्या जागा आणि खरे प्रसंग यांवरून तो तयार होतो. त्यालाच अनुबोधपट म्हणतात. कार्मेनने आपले सारे आयुष्य या अनुबोधपटालाच वाहिले. मॉस्कोपासून काराकुमच्या वाळवंटापर्यंत गेलेल्या मोटारींच्या फेरीबरोबर 1933 साली तो गेला आणि त्या खडतर प्रवासाची चित्रे घेऊन परतला. धूळ, तहान आणि जागरण यांची सवय त्याला अशी तरुणपणीच झाली.

1936 साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारविरुद्ध सेनापती फ्रँको याने बंड पुकारले होते, आणि हिटलर व मुसोलिनी यांची विमाने त्याच्या मदतीला धावली होती. ऑगस्ट महिन्यात कार्मेन आपला सहकारी बोरीस माकासेयेव याच्यासह स्पेनला पोहोचला. त्याच्या हाती एक छोटा कॅमेरा होता. घड्याळाला किल्ली द्यावी तशी त्याला किल्ली द्यावी लागे. त्यात एका वेळी सुमारे तीस मीटर फीत मावे आणि ती एका मिनिटाच्या थोड्या वरच संपे. म्हणजे काय टिपावे आणि काय सोडावे, याचा निर्णय बाँब पडत असतानाच, क्षणार्धात करावा लागे. एक किल्ली वाया गेली, तर समोरचा प्रसंग पुन्हा येणार नसे.

माद्रिद शहरावर आकाशातून बाँबचा वर्षाव होत होता. पडलेली घरे, ढिगारे उपसणारे हात, मुलांना छातीशी धरून आसरा शोधणाऱ्या आया हे सारे कार्मेनने टिपले. तो जवळजवळ वर्षभर तेथे राहिला. त्याने पाठविलेल्या फितींवरून मॉस्कोत एकामागून एक वार्तापट तयार होत आणि दूरच्या गावांतील लोक ते चित्रपटगृहांत पाहत. युद्धात शहरांवर बाँब पडले म्हणजे सामान्य माणसाचे काय होते, हे त्या प्रेक्षकांना या फितींनी दाखविले. काही वर्षांनी हीच आपत्ती त्यांच्या स्वतःच्या दारात येणार होती.

1938 साली तो चीनमध्ये गेला. जपानच्या आक्रमणाने तो देश होरपळत होता. 1939 साली कार्मेन उत्तरेकडील येनान या डोंगराळ गावी पोहोचला. त्याच वर्षी त्याच गावी भारतीय वैद्यकीय पथक जखमी सैनिकांची सेवा करीत होते, आणि त्यात सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसही होते. एक जण हाती शस्त्रक्रियेची सुरी घेऊन जखमा बरा करीत होता, तर दुसरा त्या जखमा जगाला दिसाव्यात म्हणून कॅमेरा चालवीत होता. दोघेही आपले घर सोडून परक्यांच्या संकटात सहभागी झाले होते. डॉक्टर कोटणीस 1942 साली चीनमध्येच निवर्तले. कार्मेनच्या वाट्याला मात्र याहूनही मोठे युद्ध यावयाचे होते.

22 जून 1941 रोजी हिटलरच्या सैन्याने सोव्हिएत देशावर स्वारी केली. कार्मेन ताबडतोब आघाडीकडे निघाला. त्याच्यासारखे अडीचशेहून अधिक चित्रीकरणकार त्या युद्धात रणभूमीवर काम करीत होते. सैनिकाला निदान खंदकाचा आडोसा असतो. चित्रीकरणकाराला चित्र हवे असेल, तर डोके वर काढावेच लागते. कॅमेऱ्याच्या भिंगाला डोळा लावला की शेजारी काय चालले आहे, ते दिसत नाही. या कामात चाळीसहून अधिक जणांनी प्राण गमावले. कित्येकांची शेवटची फीत सहकाऱ्यांनी त्यांच्या कॅमेऱ्यातून काढली आणि ती मॉस्कोला पोहोचविली. मॉस्कोच्या लढाईवर या चित्रीकरणकारांनी घेतलेल्या दृश्यांचा एक अनुबोधपट 1942 साली निघाला आणि त्याला अमेरिकेतील मानाचे ऑस्कर पारितोषिकही मिळाले.

कार्मेनची खरी कसोटी लागली ती लेनिनग्राडमध्ये. आज सेंट पीटर्सबर्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहराला जर्मन सैन्याने सप्टेंबर 1941 मध्ये वेढा घातला. तो वेढा 872 दिवस चालला. धान्य संपले, जळण संपले, वीज गेली. त्या हिवाळ्यात एक वेळ अशी आली की अनेक नागरिकांना दिवसाकाठी अवघा 125 ग्रॅम पाव मिळू लागला, आणि त्यातही पिठाबरोबर भुसा-कोंडा मिसळलेला असे. सहा लाखांहून अधिक नागरिक या वेढ्यात प्राणास मुकले. त्यांतील बहुतेक उपासमारीने गेले.

1941-42 च्या त्या भयंकर हिवाळ्यात कार्मेन या शहराच्या आघाडीवर काम करीत होता. शहराकडे जाण्याचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे गोठलेले लाडोगा सरोवर. त्या बर्फावरून मालमोटारी धान्य घेऊन आत जात आणि मुलांना, आजाऱ्यांना घेऊन बाहेर येत. वरून विमाने बाँब टाकीत. कधी बर्फ दुभंगे आणि मोटार चालकासह पाण्यात गडप होई. लोकांनी या वाटेला जीवनमार्ग असे नाव दिले होते. कार्मेनने हा मार्ग चित्रित केला. पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरे, तेव्हा कॅमेऱ्यातील वंगण घट्ट होई आणि फीत काडीसारखी मोडे. अशा वेळी चित्रीकरणकार आपला कॅमेरा मेंढीच्या कातड्याच्या कोटाखाली, लहान मूल जपावे तसा, छातीशी धरून ठेवीत.

परंतु थंडीपेक्षाही कठीण अशी एक गोष्ट होती. रस्त्यावरून एखादी स्त्री छोट्या घसरगाडीवरून आपल्या माणसाचा मृतदेह ओढीत नेत असे. एखादा म्हातारा चालता चालता भिंतीला टेकून बसे, तो पुन्हा उठत नसे. अशा माणसासमोर कॅमेरा धरणे योग्य की अयोग्य? त्याला आधार द्यावा, की त्याचे चित्र घ्यावे? लेनिनग्राडच्या चित्रीकरणकारांना हा प्रश्न रोज पडे. ते स्वतःही उपाशीच असत. त्यांनी चित्रे घेतली, कारण आज डोळे मिटून घेतले तर उद्या ही यातना कोणालाच कळणार नाही. कॅमेरा त्या माणसाला वाचवू शकत नव्हता. पण त्याचे मरण कोणाच्या लक्षातही न येता जावे, असे मात्र तो होऊ देत नव्हता.

‘लढणारे लेनिनग्राड’ हा अनुबोधपट 1942 साली पूर्ण झाला. कार्मेन त्याच्या चार दिग्दर्शकांपैकी एक होता. चित्रपटाचा मोठा गौरव झाला. तरीही एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. उपासमारीची अत्यंत दारुण अशी कित्येक दृश्ये त्या चित्रपटात येऊ शकली नाहीत. लोकांचे धैर्य दिसावे, त्यांचे हाल फार दिसू नयेत, असे सत्ताधाऱ्यांचे म्हणणे होते. स्टालिनच्या राजवटीत त्यांना न रुचणारे चित्र पडद्यावर आणण्याची मुभा कोणालाच नव्हती. ती दृश्ये संग्रहालयाच्या कपाटांत राहिली आणि पुष्कळ वर्षांनंतर लोकांसमोर आली. फीत खोटे बोलत नव्हती. परंतु तिला पुरे बोलू दिले गेले नव्हते.

स्टालिनग्राडच्या विजयानंतर युद्धाचे पारडे फिरले. सोव्हिएत सैन्य पश्चिमेकडे सरकू लागले आणि कार्मेनचा कॅमेराही त्याबरोबर निघाला. 1944 च्या जुलै महिन्यात हे सैन्य पोलंडमधील लुब्लिन शहराजवळच्या मायदानेक येथे पोहोचले. तेथे नाझींनी उभारलेली एक मोठी छळछावणी होती. तारांचे कुंपण, पहाऱ्याचे मनोरे, विषारी वायूच्या कोठड्या आणि प्रेते जाळण्याच्या भट्ट्या सैनिकांना जशाच्या तशा सापडल्या. एका कोठारात जोड्यांचे डोंगर रचलेले होते.  त्यांत स्त्रियांचे, वृद्धांचे आणि चालायला नुकतीच शिकलेल्या बालकांचे जोडेही होते.

कार्मेन आणि त्याचे सहकारी यांनी हे सारे चित्रित केले. कार्मेनने वृत्तपत्रांसाठी वार्तापत्रेही लिहिली आणि ती परदेशांतही छापून आली. या छावणीत सुमारे 78,000 माणसे मारली गेली, असे पुढील संशोधनाने दाखविले आहे. त्यांतील बहुसंख्य माणसे ज्यू होती, आणि केवळ ज्यू म्हणूनच त्यांचे प्राण घेतले गेले होते. कार्मेन स्वतःही ज्यू कुळातलाच होता. तरीसुद्धा त्या काळच्या सोव्हिएत चित्रपटांत हे मृत ज्यू होते, असे स्पष्टपणे क्वचितच सांगितले जाई. पडद्यावर ते जोडे दिसले. ते कोणाचे होते, हे मात्र पुरते सांगितले गेले नाही.

1945 च्या मे महिन्यात बर्लिन पडले. 8 मेच्या रात्री शहराच्या कार्ल्सहोर्स्ट या भागात जर्मन सेनानींनी शरणागतीच्या पत्रावर सह्या केल्या. त्या दालनातही कार्मेन कॅमेरा घेऊन हजर होता. माद्रिदमध्ये त्याने ज्या आगीची पहिली ठिणगी पाहिली होती, ती येथे त्याच्या डोळ्यांदेखत विझत होती.

युद्ध संपले, पण साक्षीदाराचे काम संपले नव्हते. 20 नोव्हेंबर 1945 रोजी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर खटला सुरू झाला. चित्रीकरणासाठी गेलेल्या सोव्हिएत पथकाचा प्रमुख म्हणून कार्मेनची नेमणूक झाली. हिटलरचा उजवा हात समजला जाणारा गोरिंग आणि त्याचे साथीदार, असे एकवीस जण आरोपींच्या बाकांवर बसले होते. चित्रीकरणासाठी लावलेल्या प्रखर दिव्यांमुळे त्यांच्यातील काही जण काळे चष्मे लावीत. आपल्याला काही ठाऊकच नव्हते, आपण केवळ हुकूम पाळले, असा आरोपींचा पवित्रा होता.

19 फेब्रुवारी 1946 रोजी न्यायालयात दिवे मंद झाले आणि सोव्हिएत चित्रीकरणकारांनी रणभूमीवर घेतलेल्या फिती पुराव्यादाखल दाखविण्यात आल्या. ही दृश्ये खरी आहेत आणि त्यांत फेरफार केलेला नाही, असे लेखी प्रमाणपत्र त्यांना जोडलेले होते. जळलेली गावे, छावण्यांतील भट्ट्या, प्रेतांच्या रांगा न्यायाधीशांसमोरून सरकू लागल्या. जी माणसे बोलू शकत नव्हती, त्यांची साक्ष आता फीत देत होती. गोठलेल्या बोटांनी ज्यांनी कॅमेऱ्याला किल्ली दिली होती, आणि त्यांतील जे परत आले नव्हते, त्या सर्वांच्या श्रमांचे त्या दिवशी चीज झाले. पुढे कार्मेनने या खटल्यावरच ‘राष्ट्रांचा न्याय’ हा अनुबोधपट काढला. हिटलरच्या राज्यात काय घडले, हे नाकारू पाहणाऱ्याला आजही या फिती निरुत्तर करतात.

यानंतरही कार्मेन स्वस्थ बसला नाही. कास्पियन समुद्राच्या पोटातून तेल काढणाऱ्या कामगारांवर त्याने दोन अनुबोधपट केले. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो भारतातही आला आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या आपल्या देशावर त्याने ‘भारताची पहाट’ हा चित्रपट तयार केला. क्यूबातील क्रांतीचेही त्याने चित्रण केले.

1954 साली तो व्हिएतनाममध्ये होता. दिएन बिएन फू येथे फ्रेंच सैन्याचा पाडाव झाल्यानंतर कार्मेन तेथे पोहोचला. प्रत्यक्ष लढाई तर होऊन गेली होती. मग सैनिकांकडून विजयाचे काही प्रसंग पुन्हा करवून घेऊन त्याने ते चित्रित केले. फ्रेंच सेनापतीच्या खंदकावर फडकणाऱ्या झेंड्याचे दृश्यही असेच मागाहून घेतलेले होते. पाहणाऱ्यांना मात्र ते लढाईच्या क्षणाचेच वाटले. प्रसंग खोटा नव्हता, विजयही खरा होता. पण ते चित्र त्या क्षणाचे नव्हते. साक्षीदाराने जे पाहिले तेच सांगावे, हा नियम येथे मोडला गेला. ज्याच्या फितींनी न्यायालयात पुरावा म्हणून काम केले, त्याच्या हातूनही असे घडले, म्हणून ही चूक अधिकच लक्षात ठेवण्यासारखी आहे. थोर माणसांचे गुण घ्यावेत आणि त्यांच्या चुकांपासून शहाणे व्हावे, हेच चरित्रवाचनाचे फळ होय.

आयुष्याच्या अखेरीस कार्मेनने एक मोठे काम अंगावर घेतले. युद्धकाळात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घेतलेल्या फितींचा साठा अफाट होता. त्यांतून निवड करून दूरदर्शनसाठी त्या महायुद्धाची वीस भागांची मालिका तयार करावयाची होती. अमेरिका आणि सोव्हिएत देश यांच्यात त्या वेळी वैर होते. तरीही हे काम दोन्ही देशांतील माणसांनी मिळून केले. जुन्या फिती पाहताना कार्मेनला आपल्या मृत सोबत्यांनी टिपलेली दृश्ये पुन्हा पाहावी लागत असत. प्रकृती खालावली होती, परंतु त्याने काम सोडले नाही. 28 एप्रिल 1978 रोजी मॉस्कोत त्याचे निधन झाले. मालिका त्याच वर्षी लोकांसमोर आली. ती पाहण्यास तो मात्र राहिला नाही.

आज घरोघरी, प्रत्येक हाती चित्र घेण्याचे साधन आहे. एका मिनिटाच्या फितीसाठी प्राण तळहातावर घेण्याची वेळ आता सहसा कोणावर येत नाही. चित्र घेणे सोपे झाले आहे आणि चित्रात फेरफार करणे त्याहूनही सोपे झाले आहे. म्हणूनच साक्षीदाराची जबाबदारी पूर्वीपेक्षा वाढली आहे. सिद्धगडाची हकिकत सांगणाऱ्या आजोबांच्या हाती कॅमेरा नव्हता. परंतु त्यांनी ती पदरचे काही न मिसळता सांगितली, तर तीही एक साक्षच असते. जे घडले ते धैर्याने पाहावे, त्यात आपले काही न घालता ते पुढच्यांच्या हाती द्यावे आणि कोणी ते झाकू लागला, तर निर्भयपणे उघड करावे. रोमान कार्मेनच्या यशाकडे पाहिले काय किंवा त्याच्या उणिवांकडे पाहिले काय, त्याचे जीवन आपल्याला हाच एक धडा देते.